मोटारीच्या वळणांना आकडे देणारा इंजिनीअर

मोटारीचा दरवाजा बंद केला, की दरवाज्याची कड आणि शेजारच्या मडगार्डची कड यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसते. बॉनेटवरून आलेली रेघ खिडकीखालून मागच्या दिव्यापर्यंत कुठेही न तुटता जाते. आज याचे कुणाला नवल वाटत नाही. पण सत्तर वर्षांपूर्वी ही एक फट जुळवण्यासाठी मोटारींच्या कारखान्यांत महिनोन् महिने वाद चालत. दरवाज्याचा डाय करणारा म्हणे चूक मडगार्डवाल्याची, मडगार्डवाला म्हणे चूक ड्रॉइंगची, आणि ड्रॉइंग ऑफिस म्हणे तुम्हाला रेघ वाचताच आली नाही. गंमत म्हणजे यात खोटे कुणीच बोलत नसे. खरा आकार कोणता, हे ठरवणारी एकच एक वस्तू तेव्हा नव्हती.

ती वस्तू आकड्यांच्या रूपात निर्माण करणारा माणूस म्हणजे फ्रान्समधील रेनो कंपनीचे इंजिनीअर पिएर बेझिए. संगणकावर डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाला ‘बेझिए कर्व्ह’ हा शब्द ठाऊक असतो. त्या नावामागे मिलिंग मशीनच्या तेलाचा वास असलेला माणूस होता, हे मात्र फारसे कुणाला माहीत नसते.

बेझिए यांचा जन्म १ सप्टेंबर १९१० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील इंजिनीअर, आजोबाही इंजिनीअर. मुलगाही त्याच वाटेने गेला. १९३० साली त्यांनी आर-ए-मेतिए या नामांकित संस्थेतून यांत्रिकी शाखेची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या संस्थेतून विद्युत शाखेची. यंत्र आणि त्याला चालवणारी वीज, दोन्ही एकाच माणसाला कळणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. पुढे सगळीकडे हेच शिक्षण त्यांच्या कामी आले.

१९३३ मध्ये ते रेनोत लागले आणि तब्बल ४२ वर्षे तिथेच राहिले. सुरुवात अगदी खालून, टूल सेटर म्हणून झाली. म्हणजे मशीनवर हत्यार बांधायचे, जॉब लावायचा, पहिला नग काढून मापायचा. दोन-दोन पदव्या असलेल्या तरुणाला हे काम हलके वाटू शकले असते. पण कागदावरची रेघ पोलादात उतरताना नेमकी कुठे बिघडते, हे कळायला याहून चांगली जागा नव्हती. वर्षभरात ते टूल डिझायनर झाले.

मग महायुद्ध आले आणि बेझिए युद्धकैदी झाले. कैदेत मशीन नव्हते, पण विचार करायला वेळ होता. एकामागोमाग अनेक यंत्रक्रिया आपोआप करणाऱ्या मशीनची कल्पना त्यांनी त्या काळात मनात घोळवून घोळवून सुधारली. सुटून आल्यावर १९४५ मध्ये ते टूल डिझाइन विभागाचे प्रमुख झाले. याच वर्षी रेनो कंपनी सरकारच्या मालकीची झाली होती. युद्धाने खंगलेल्या देशाला स्वस्त आणि भरपूर मोटारी हव्या होत्या. रेनोची छोटी ‘कात्र सेव्ही’, म्हणजे फोर सीव्ही, ही ती गाडी. तिचे बहुतेक यांत्रिक भाग ज्या ट्रान्सफर लाइनवर तयार होत, त्या लाइनची रचना बेझिए यांच्याकडे होती. जॉब एका टोकाला आत जाई, एका ठाण्यावरून दुसऱ्यावर आपोआप सरके, प्रत्येक ठाण्यावर भोक, आटा, सपाटी असे काही ना काही होऊन दुसऱ्या टोकाला पूर्ण भाग बाहेर पडे. या गाडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती निघाल्या. बेझिए यांनी पुढे काहीच केले नसते, तरी फ्रान्सच्या उद्योगाच्या इतिहासात त्यांची नोंद झाली असती.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे वेगळेच काही घडत होते. अमेरिकेत जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवरून एमआयटीने १९५२ मध्ये असे मिलिंग मशीन चालवून दाखवले, जे भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरचे आकडे वाचून कटर हलवत असे. यालाच पुढे एनसी आणि मग सीएनसी म्हणू लागले. १९५७ मध्ये रेनोच्या मशीन टूल विभागाचे संचालक झाल्यावर बेझिए यांनी ड्रिलिंग आणि मिलिंग करणारे असेच आकड्यांवर चालणारे मशीन तयार करून घेतले. मशीनला आकडे कळू लागले. आता प्रश्न उरला तो आकडे आणायचे कुठून. गोल, चौकोन, सरळ रेघ यांचे आकडे सोपे. मडगार्डच्या वळणाचे आकडे कोण सांगणार?

इथे जुनी पद्धत थोडी समजून घ्यायला हवी, कारण बेझिए यांचे सारे भांडण तिच्याशी होते. डिझायनर आधी लहान आकारात गाडी चितारत. त्यावरून मॉडेलिंगच्या मातीचा पूर्ण आकाराचा नमुना होई. तो साहेबांनी पसंत केला, की त्याची मापे घेऊन ड्रॉइंग ऑफिसमध्ये खऱ्या आकाराची रेखाटने काढली जात. त्यासाठी लवचीक पट्ट्या वाकवत, फ्रेंच कर्व्ह लावत. रेखाटनातल्या छेदांवरून पत्र्याचे फर्मे कापत. फर्म्यांवरून लाकडाचे किंवा प्लास्टरचे ‘मास्टर मॉडेल’ बने. दोन फर्म्यांच्या मधली जागा कारागीर नजरेने आणि हाताने भरून काढी. शेवटी त्या मॉडेलवरून कॉपी मिलिंग होई: एक बोथट टोक मॉडेलवर फिरे आणि कटर तीच चाल पोलादात उतरवी. प्रत्येक पायरीला हातात कसब असलेली माणसे होती. पण प्रत्येक पायरीला आकार केसभर सरके. वर प्लास्टर आणि लाकूड हवेप्रमाणे हलते, ते वेगळेच. दरवाज्यावरून होणारा वाद इथूनच सुरू होई.

१९६० पासून बेझिए यांनी आपला बराच वेळ या एका प्रश्नाला दिला. त्यांना असे सूत्र हवे होते, जे डिझायनरला वापरता येईल आणि मशीनलाही समजेल. यातली पहिली अट जास्त अवघड होती. गणितात वक्ररेषा वर्णन करणाऱ्या समीकरणांचा तोटा नव्हता. पण त्यातला एखादा आकडा बदलला तर रेघ कुठे जाईल, हे गणितज्ञालाही चटकन सांगता येत नसे, मग मातीत बोटे घालणाऱ्या कलाकाराची काय कथा!

त्यांनी काढलेला मार्ग इंजिनीअरच्या हाताचा आहे. एक घन, म्हणजे सहा बाजूंचा चौकोनी डबा, डोळ्यांसमोर आणा. त्यात दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांना छेदतात आणि एका कोपऱ्यातून विरुद्ध कोपऱ्यात जाणारी एक वळणदार रेघ तयार होते. आता डबा दाबा, ओढा, तिरका करा. आतली रेघही त्याच्याबरोबर वाकेल. म्हणजे रेघेला हात लावायचाच नाही, डब्याच्या कडा हलवायच्या. हळूहळू डबा बाजूला पडला आणि उरल्या त्या फक्त एकापुढे एक जोडलेल्या कडा.

आजचा विद्यार्थी हीच गोष्ट चार बिंदूंच्या मदतीने शिकतो. पहिल्या बिंदूपासून रेघ निघते, चौथ्यावर संपते. दुसरा आणि तिसरा बिंदू तिला लोहचुंबकासारखे आपल्याकडे ओढतात, पण सहसा ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही. निघताना तिचे तोंड दुसऱ्या बिंदूकडे असते आणि पोचताना ती तिसऱ्याच्या दिशेने येते. मधोमध चारही बिंदूंचे वजन अनुक्रमे एक, तीन, तीन, एक अष्टमांश असते. टोकाचे दोन बिंदू जमिनीवर आणि मधले दोन ८ सेंटिमीटर उंचीवर ठेवले, तर रेघेची कमान मधोमध ६ सेंटिमीटर उंच होते. दुसरा बिंदू थोडा वर ओढला, की त्या बाजूचा खांदा फुगतो. गणित न येणाऱ्या माणसालाही चार-दोन प्रयत्नांत हे हाताला बसते. अशा रेघांचे उभे-आडवे जाळे केले, की पृष्ठभाग मिळतो. आता चार बिंदूंऐवजी सोळा बिंदूंची जाळी, बाकी तत्त्व तेच.

कंपनीतल्या वरिष्ठांना मात्र हे बसेना. बेझिए यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ही युक्ती खरोखरच इतकी चांगली असती, तर अमेरिकन लोकांनी ती आधीच शोधली असती, असे त्यांना ऐकवले गेले. फ्रान्समध्ये काय किंवा आणखी कुठे काय, घरच्या माणसाच्या कल्पनेला हे उत्तर ओळखीचेच आहे. आपण गणितज्ञ नाही, मशीन टूलवाले आहोत, मग आपले गणित कोण मनावर घेणार, याची बेझिए यांना कल्पना होती. म्हणून त्यांनी आपली सूत्रे ओनेझिम द्युराँ नावाच्या एका प्राध्यापकांची म्हणून पुढे केली. असा प्राध्यापक जगात नव्हताच. लबाडी म्हणायची तर लबाडी, पण कुणाचे नुकसान न करणारी.

वाद घालण्यापेक्षा करून दाखवणे त्यांना अधिक जमे. त्यांनी पूर्ण आकाराची रेखाटने काढणारे ड्रॉइंग मशीन आणि फोमसारख्या हलक्या पदार्थात वेगाने आकार कोरणारे मिलिंग मशीन, अशी जोडी उभी केली. डिझायनरने आपल्या रेघेवरून बिंदू द्यायचे, मशीनने ती रेघ काढून दाखवायची, पसंत नसेल तर बिंदू हलवायचे. समाधान झाले, की तेच आकडे मिलिंग मशीनला द्यायचे आणि हाताने चाचपून बघता येईल असा नमुना कोरून घ्यायचा. कलाकाराला पडद्यावरच्या चित्राने समाधान होत नाही, त्याला प्रकाशात धरलेली वस्तू हवी असते, हे बेझिए यांना पक्के ठाऊक होते. या प्रणालीला नाव मिळाले ‘युनिसर्फ’. १९६८ मध्ये ती सुरू झाली, आणि त्याच वर्षी बेझिए यांनी अमेरिकेतील मोटार इंजिनीअरांच्या संस्थेसमोर रेनो हे काम कसे करते, यावर निबंध मांडला. ज्यांनी आधी शोधले नव्हते, त्यांनाच आता ऐकायला मिळत होते.

आकार आकड्यांत आला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. मशीनला आकार कळत नाही, फक्त चाल कळते. कटरचे टोक गोल असेल, तर ते जिथे टेकते तो बिंदू आणि कटरचा मध्य यांत त्रिज्येइतके अंतर राहते. वळण बदलले, की हे अंतर कोणत्या दिशेने धरायचे तेही बदलते. त्यामुळे मूळ पृष्ठभागापासून त्रिज्येइतका दूर सरकलेला दुसरा पृष्ठभाग काढावा लागतो आणि कटरचा मध्य त्यावरून चालवावा लागतो. पृष्ठभागाला सूत्र असेल, तर प्रत्येक ठिकाणी त्याची दिशा त्या सूत्रातूनच मिळते. प्लास्टरच्या मॉडेलकडून ही माहिती कधीच मिळाली नसती.

मग येतो शेजारशेजारच्या फेऱ्यांचा प्रश्न. गोल टोकाचे कटर दोन फेऱ्यांच्या मध्ये एक बारीक कंगोरा सोडते, शेत नांगरल्यावर दोन तासांच्या मध्ये वरंबा राहतो तसा. सपाट भागावर या कंगोऱ्याची उंची काढायला सोपा हिशेब आहे: दोन फेऱ्यांतल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. कटरची त्रिज्या ३ मिलिमीटर आणि फेऱ्यांतले अंतर अर्धा मिलिमीटर असेल, तर कंगोरा साधारण एक शतांश मिलिमीटर राहतो. अंतर दुप्पट केले, तर मशीनचा वेळ निम्मा होतो, पण कंगोरा चौपट वाढतो आणि मग पॉलिश करणाऱ्या माणसाचे हात दुखतात. भोसरी-चाकणच्या टूल रूममध्ये आज संगणकापुढे बसलेला प्रोग्रॅमर रफिंग आणि फिनिशिंगचे आकडे भरताना हाच सौदा करत असतो. सॉफ्टवेअर हिशेब करून देते. किती घासायचे आणि किती सोडायचे, हे अजून त्यालाच ठरवावे लागते.

आता बेझिए यांच्या कहाणीतला एक अवघड भाग. रेनोची प्रतिस्पर्धी कंपनी सिट्रोएन. तिथे १९५८ मध्ये पॉल द कास्तलजो नावाचा तरुण गणितज्ञ नोकरीला लागला आणि वर्षभरात त्याने जवळजवळ हाच शोध लावला होता. त्याची पद्धत तर अधिकच देखणी: बिंदूंना जोडणाऱ्या रेघांचे मध्य घ्या, त्या मध्यांना जोडा, पुन्हा मध्य घ्या, शेवटी जो एक बिंदू उरतो तो वक्ररेषेवरचा असतो. कागद-पेन्सिलने शाळकरी मूलही हे करील. पण सिट्रोएनने ते गुपित ठेवले. अहवाल कपाटात राहिले, आणि रेनोने बेझिए यांना लिहू दिले, बोलू दिले. केंब्रिजच्या रॉबिन फॉरेस्ट यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की बेझिए यांची सूत्रे म्हणजे गणितज्ञ बर्नस्टाइन यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या बहुपदींचेच दुसरे रूप आहे. तोवर रेघांना नाव पडून गेले होते. कास्तलजोंचे अहवाल बाहेरच्या संशोधकांच्या हाती लागले ते १९७५च्या सुमारास.

नाव कुणाचे, या प्रश्नावर बेझिए यांनी स्वतः आडपडदा ठेवला नाही. या विषयातील एका प्रसिद्ध पाठ्यपुस्तकाचे पहिले प्रकरण त्यांच्याकडून लिहून घेतलेले आहे. एक साधी प्रणाली कशी जन्मली, हे त्यात ते सांगतात. फ्रान्समध्ये या वाटेने आधी सिट्रोएन गेली आणि कास्तलजो हे असामान्य प्रतिभेचे गणितज्ञ आहेत, हेही त्यांनी तिथेच नोंदवून ठेवले. नामकरणाचा दोष द्यायचा तर तो त्या कुलूपबंद कपाटाला द्यावा लागेल.

रेनोत नोकरी करत असतानाच, १९६८ पासून ११ वर्षे, बेझिए पॅरिसच्या कला व उद्योगांच्या राष्ट्रीय संस्थेत उत्पादन अभियांत्रिकी शिकवत होते. दिवसा काम करून संध्याकाळी शिकणाऱ्यांची ही जुनी संस्था. टूल सेटरपासून वर आलेल्या प्राध्यापकाला तिथे परके वाटण्याचे कारण नव्हते. १९७५ मध्ये ते रेनोतून निवृत्त झाले. दोन वर्षांनी, वयाची पासष्टी उलटल्यावर, त्यांनी पॅरिस विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. ज्या सूत्रांना कधी काल्पनिक प्राध्यापकाचे नाव द्यावे लागले होते, त्याच विषयावर.

त्यांच्या डोळ्यांदेखत या रेघा मोटारीच्या बाहेर पडल्या. १९८४ मध्ये आलेल्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेने अक्षरांचे आकार साठवण्यासाठी चार बिंदूंची बेझिए रेघ घेतली. हे वर्तमानपत्र ज्या टाइपात छापले जाते, त्यातल्या ‘क’चा पोटफुगीर गोल किंवा ‘ळ’ची दोन वळणे संगणकात अशाच बिंदूंनी धरून ठेवलेली असतात.

दुसरी वाट दवाखान्यात गेली. फ्रान्समधीलच लिओं शहरात फ्रांस्वा द्युरे या दंतवैद्याने १९७३ मध्ये प्रबंध लिहिला: दाताचा ठसा मेणासारख्या लगद्यात न घेता प्रकाशाने घ्यायचा आणि दात मशीनवर कोरायचा. १९८५ मध्ये झुरिच विद्यापीठात एका रुग्णाच्या दातात, त्याच बैठकीत यंत्रावर कोरलेला सिरॅमिकचा तुकडा बसवण्यात आला. आज शहरांतल्या अनेक दंतवैद्यांकडे तोंडात छोटा कॅमेरा फिरवून दाताचे चित्र घेतात. संगणकात ते हजारो त्रिकोणांच्या जाळीच्या रूपात येते. कॅप जिथे संपते ती कड तंत्रज्ञ पडद्यावर बिंदू सरकवत आखतो. सिमेंटसाठी मिलिमीटरच्या काही शतांशांची जागा सोडतो, आणि मग सॉफ्टवेअर कटरची वाट काढते.

मोटारीच्या डायमध्ये जी अडचण येते, तीच इथेही येते. कटर ज्या कोपऱ्यात मावत नाही, तो कोपरा त्याला कोरता येत नाही. दात घासून तयार करताना दंतवैद्याने एखादी कड धारदार ठेवली, तर सॉफ्टवेअरला कॅपच्या आतून तिथे जास्त पदार्थ काढावा लागतो. कॅप बसते, पण त्या जागी पातळ होते आणि तडकू शकते. म्हणून अशा कॅपसाठी दाताच्या कडा गोलसर करतात. झिरकोनिआची कॅप तर आधी मऊ, खडूसारख्या ठोकळ्यातून कोरतात आणि मग भट्टीत भाजतात. भाजताना ती सुमारे २० टक्क्यांनी आकसते. म्हणून कोरताना ती सगळ्या बाजूंनी सव्वापट मोठी काढावी लागते. हातातल्या फर्म्याने हे करायला बसले तर जन्म जाईल. बिंदूंच्या रूपात असलेल्या आकाराला मात्र एकाच आकड्याने गुणायचे असते.

झुरिचच्या त्या प्रयोगाच्याच वर्षी, १९८५ मध्ये, संगणक चित्रणाच्या क्षेत्रातील स्टीव्हन कून्स पुरस्कार बेझिए यांना मिळाला. त्याच वर्षी त्यांनी वयाची पंच्याहत्तरी गाठली. २५ नोव्हेंबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. २००७ पासून घन आकारांच्या संगणकीय रचनेत काम करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना त्यांच्या नावाने पुरस्कार देते. २०१२ मध्ये तो पॉल द कास्तलजो यांना देण्यात आला. ते तेव्हा ऐंशीच्या घरात होते.